गेटवरचा चहा

३ नोव्हें., सोम.
पोराचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन उतरलंय, डायलिसिस पुन्हा लागणार नाही. डॉक्टर खूश. सुजयने एकच विचारलं, "भरतीचं मेडिकल?"
डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "किडन्यांना एकदा असा दणका बसला की लष्कर घेत नाही, बाळा. आणि घेत असतं तरी मी पाठवलं नसतं."
"म्हणजे पॅरा तर नाहीच."
डॉक्टरांना पॅरा म्हणजे काय ते कळलं नाही. मला कळतं. तीन वर्षं घरात दुसरा विषय नाही. आधी भरती, मग पॅराशूटवाली पलटण, मग तिच्यातली स्पेशल फोर्स, मग ती मरून रंगाची टोपी आणि खंजिराचा बिल्ला. वय वर्षं वीस.
सुजयने घरी येऊन पळायचे बूट धुतले आणि गच्चीत उन्हात ठेवले. स्वच्छ, जोडीने, नाडे आत खोचून. माणूस गेल्यावर त्याचे कपडे ठेवतात तसे.

विलास गांगुर्डे. नाव इथे एकदा पूर्ण लिहून ठेवते. मखमलाबाद रोडवरच्या वज्रपंजा अकॅडमीचा मालक. मुलं 'कमांडो सर' म्हणतात, म्हणून पुढे क. स. फलकावर 'माजी स्पेशल फोर्स'. ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर वाळूची पिशवी देऊन, पाण्याचा थेंब न देता त्याने पोरांना पांडवलेणीच्या मागच्या डोंगरावर पळवलं. कमांडो पाणी मागत नाही म्हणे. सुजय पडला. स्नायू फुटून रक्तात उतरले, रक्तातून किडनीत. आमची दिवाळी आयसीयूबाहेरच्या बाकावर.
पोलीस म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या पायाने गेला होता. बरं.
मला घाई नाही. उभं आयुष्य पेपरच्या रविवारच्या पुरवणीत गेलं. पान ठरल्या दिवशी जातं आणि त्याआधी सगळं नीट लागलेलं असतं, एवढी एक विद्या मला येते.

५ नोव्हें., बुध.
संपादकांची बैठक. २३ तारखेला करिअर विशेषांक. मधल्या पानाचा विषय: 'कमांडो व्हायचंय? काय लागतं?' कुणीच माझ्याकडे बघेना. संपादक म्हणाले, "शैलाताई, हे पान या वेळी दुसऱ्या कुणाला देऊ."
म्हटलं, "मीच करते."
"नक्की?"
"पान माझं आहे."
बाहेर आल्यावर कळलं, जाहिरात विभागाने त्याच पानाच्या तळाला वज्रपंजाची जाहिरात घेतलीये. टोपीसकट फोटो. यापेक्षा सोयीचं काय असणार? वर मजकूर माझा, खाली थोबाड त्याचं.
सलीमभाई माझी पानं लावतो. पानं कात्री-डिंकाने लागायची तेव्हापासूनची आमची जोडी. त्याने स्क्रीनवर जाहिरात उघडून मान माझ्याकडे वळवली. "मॅडम, इसी पेज पे?"
"याच."
"दिमाग ठंडा रखना."
"थंडच आहे. फ्रीजसारखा. आत बर्फ धरलाय."

बेत साधा. माणूस खोटा आहे हे दाखवायचं. तोफखान्यात नोकरी पूर्ण केली हे खरं, तेवढं चौकशीत कळलं. स्पेशल फोर्सचं कुणालाच माहीत नाही. खोटा निघाला की दोन कॉलम, बस. आवाज न चढवता लिहायचं. रविवारी सकाळी घराघरांत चहाबरोबर वाचलं जाईल. त्या वेळी त्याचं तोंड बघायला मिळालं तर आणखी काही मागणार नाही.
नवऱ्याचा, अरुणचा इगतपुरीहून फोन. रेल्वेची ड्यूटी, रेस्टला येईल. सांगितलं. बराच वेळ मागे मालगाडीचा आवाज, मग, "कर तुला करायचं ते. पण पोराला विचार."

८ नोव्हें., शनि.
काशी आला, पेठहून. काशिनाथ, अकॅडमीत सुजयचा जोडीदार. यानेच त्याला पाठीवर घेऊन डोंगरावरून खाली आणलं. नागलीचे पापड आणलेत, आईने दिलेले. सुजय आंघोळीला गेल्यावर ओट्यापाशी उभा राहून हळूच, "मावशी, तो बांगड्यांमुळं नाय थांबला. नाय तं थांबला असता."
"कसल्या बांगड्या?"
"तुमाला नाय सांगितलं त्यानं?"
अकॅडमीच्या आवारात लिंबाच्या झाडाला खिळा. खिळ्याला हिरव्या काचेच्या बांगड्या. डोंगरावर जो थांबेल, बसेल, पाणी मागेल, त्याने त्या घालायच्या. दिवसभर. मेसमध्ये जेवतानासुद्धा. संध्याकाळी फोटो, तो सगळ्यांच्या ग्रुपवर. क. स. म्हणतो, "रडायचंय? रड. पण आधी साज चढव."
"तू घातल्यास?"
"दोन येळा." हसला. "माझा हात बारीक हाय, मला बसत्यात. सुजयला नाय बसल्या. जोर लावून घातल्या, एक फुटली."
म्हणजे त्याने घातल्या होत्या. गणपतीच्या दिवसांत त्याच्या मनगटावर ओरखडा होता. विचारलं तेव्हा म्हणाला, दोर घासला. मी हळद लावली होती.
माझ्या हातात आत्ता चार आहेत, हिरव्याच. लिहिताना वहीवर वाजतात. आईच्या हातातली वस्तू घेऊन माझ्या पोराला मारलं.
भाकरी थापताना काशीला म्हटलं, तू अजून तिथेच?
"भरती तोंडावर हाय, मावशी. जाऊ कुठं?"

९ नोव्हें., रवि.
सुजयला विचारलं. अरुणने सांगितलं होतं म्हणून. गच्चीत बूट फिरवून ठेवत होता, सावली आली की उन्हात सरकवतो.
मी सगळं मांडलं: लेख, जाहिरात, बांगड्या. तुझं नाव घालणार नाही म्हटलं.
"सगळ्यांना कळेलच कोण ते."
"कळू दे. लाज त्याला वाटायला हवी, तुला कसली?"
"मी थांबलो नव्हतो, आई." अगदी शांतपणे. "सगळे थांबले. काशी थांबला. मी वरपर्यंत गेलो आणि मग पडलो. हे कुणीच लिहिणार नाही. तू काय लिहिणार? की तो माणूस खोटा, त्याची टेस्ट खोटी. म्हणजे मी खोट्यासाठी पडलो."
त्याने बूट पुन्हा उन्हात सरकवले.
"माझ्याकडे तेवढंच उरलंय," म्हणाला आणि खाली गेला.
हे मला अडवायला पुरेसं असायला हवं होतं. उलट आणखी पेटले. पोराची किडनी घेतली, वर पोराला हेही पटवून दिलं की ती चांगल्या कामी गेली.

१३ नोव्हें., गुरु.
देवळ्याला जाऊन आले. आमच्या तिथल्या वार्ताहराने खरा माणूस शोधून दिला: पोपटराव आहेर, निवृत्त नायब सुभेदार, सगळं आयुष्य स्पेशल फोर्समध्ये. मला वाटलं, दार भरेल असा गडी असेल. कानटोपी घातलेला बारका माणूस, उन्हाळ कांद्याच्या रोपांत बसून गवत उपटत होता. बायको पडवीतून म्हणाली, "बस ताई, मी चहा ठेवस."
भिंतीवर शेतीखताचं कॅलेंडर. फोटो नाही, टोपी नाही.
"पेटीत हाय. पोरीच्या लग्नात बी नाय काढली. टोपी घालून कांदे काढायचे का?"
विचारलं, काय लागतं? छाती, धाव, वजन?
"ते सगळ्यांकडंच असतं. तिथं येतो तो पळणाराच असतो. पळणारे लय परत जात्यात, ताई."
मग भराभर लिहून घेतलं, तसंच उतरवते. तिथे कोणाला पाठवत नाहीत. नोकरीतला जवान आपली पलटण सोडून स्वतः हात वर करून येतो. मग प्रोबेशन, काही महिन्यांचं. झोप तोडतात, उपाशी ठेवतात, वजन देऊन चालवतात, आणि कुठवर ते सांगत नाहीत. "अंतर ठाऊक असलं का माणूस ताकद वाटून घेतो. ठाऊक नसलं का आतला माणूस भायेर येतो."
पाणी?
"पाणी असतं की! डॉक्टर मागं गाडीत असतो. मारायला नाय आणलेलं कुणाला. मेलेला काय कामाचा?"
मग रोपं बाजूला ठेवून हात झटकले. "खरी परीक्षा दुसरीच हाय. गेटवर एक गाडी उभी असते. सगळा येळ. शेजारी चहाचा डबा, गरम. ज्याला जायचंय त्यानं जायचं, चहा प्यायचा, गाडीत बसायचं. आपल्या पलटणीत वापस. कोणी हसत नाय, कोणी विचारत नाय. गेलेल्याचं नाव बी आमी पुन्हा घेत नाय. ती रीत हाय."
"हे तर सोपं झालं."
"सोपं?" हसला. "शिकवणारा उस्ताद शिव्या देतो तवर सोपं असतं. शिव्यांवर माणूस जगतो. मग तो पहाटं येतो, चिखलात शेजारी बसतो, खांद्यावर हात ठेवतो. 'बेटा, बहुत किया. घर पे माँ है. चाय गरम है, जा.' तिथं मोडत्यात, ताई. चांगले चांगले."
पडवीतून बायको, "तुम्हीन आधी ताईना चहा गरम शे तवर पिऊ द्या." चहा घेतला.
मी बांगड्यांचं सांगितलं. त्याचा कप अर्ध्यावर थांबला. "म्हंजे जाता येत नाय?"
"नाही."
"दार बंद करून कोण बी टिकंल. गोठ्यात ढोर बी टिकतं. दार उघडं हाय आणि तरी तू आत हाय, ते बघायचं असतं. त्या मास्तरला काय कळणार, कोण टिकला नि कोण अडकला?"
अकॅडमीचं पत्रक दिलं, फोटोसकट. लांब धरून पाहिलं. परत दिलं. "मी वळखत नाय." पण मग बराच वेळ कानटोपी काढून डोकं खाजवत बसला आणि भलतंच बोलायला लागला. एका बॅचला गेटवरचा चहा त्याच्याकडे होता. जाणारा प्रत्येक जण चहा घ्यायचा. कोणी रडत, कोणी हसत, कोणी दोन कप. "एकच असा निघाला. आपल्याच बाजूचा. लय चांगला पळायचा, तोफखान्यातून आलता. मराठीत म्हनलं, घे रे भावा, काय होत नाय. त्यानं कपाला हातच लावला नाय. गाडीत बसला, तोंड फिरवून. मला ते अजून लागतं."
मी पेन खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.
गाडीपर्यंत सोडायला आला. "ताई, ते छापायचं नाय."
"मी लष्करात नाही, आहेरदादा. मला तुमची रीत लागू नाही."
"म्हनून तं सांगतोय. आमच्यातल्याला सांगावं लागत नाय." मग दार लावताना, "तुमी रागानं आल्या. तिथं रागानं आलेले बी येत्यात. बायकोचा राग, सायबाचा राग, भावकीचा. पहिल्याच आठवड्यात जात्यात. राग लवकर दमतो."
नोंद घेतली. माझा अजून दमलेला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
मिळालं. खोटा असता तर बरं होतं, एवढं मिळालं. खोटा नाही. क. स. तिथे गेला होता, खरोखर. आणि स्वतःच्या पायाने गाडीत जाऊन बसला होता. त्याला कोणी बांगड्या घातल्या नाहीत. त्याने घरी येऊन झाडाला खिळा ठोकला.
शीर्षक सुचून गेलं: 'कमांडो सर गाडीत बसले तेव्हा'. दिवसभर डोक्यात गोड वाजत होतं. ऑफिसच्या जिन्यात एकटीच हसले.
अडचण एक: माझ्याकडे तोंडी गोष्ट आणि एका म्हाताऱ्याचं खाजवलेलं डोकं. नाव त्याने घेतलेलं नाही. दुसरा दुजोरा हवा. तो देऊ शकणारा एकच माणूस आहे.

१६ नोव्हें., रवि.
सलीमभाईला म्हटलं, बांगड्या घ्यायच्यात. त्याची खाला, म्हणजे मावशी, भद्रकालीत बसते, दुकान म्हणजे भिंतीतला कोनाडा, पण रंगांनी डोळे दिपतात. तिने सवयीने माझा हात धरून दाबला, अंगठ्याचं हाड चाचपून माप सांगितलं, "दो-छे."
"माझ्यासाठी नाही. पुरुषाच्या हाताच्या."
"तौबा! नाटक है क्या, बेटी?"
"हो. नाटकच."
खालाने फळीवरून धूळ बसलेला डबा काढला. "दो-बारा. इससे बडा हाथी का. पैलवान की घरवाली ले जाती थी." हिरव्या घेतल्या, डझनभर. वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. आमच्याच.
परतताना सलीमभाई सारडा सर्कलला म्हणाला, "मॅडम, एक बोलू? मारना है तो छाप के मारो. ये हाथ में लेके जाना..."
"छापणारच आहे."
"फिर ये काय को?"
सांगता आलं नाही. छापलेलं तो एकटा बसून वाचेल. मला समोर हवंय.

१८ नोव्हें., मंगळ.
सविस्तर लिहिते, नंतर पुसट होईल.
मी विशेषांकासाठी मुलाखत घ्यायला येतेय म्हणून कळवलं होतं. क. स. फाटकापर्यंत आला. इस्त्रीची पँट, पिळदार दंड, आवाजात मध. "या ताई! सुजय कसा आहे? वाघ आहे आपला. मी रोज पोरांना त्याचं उदाहरण देतो. बेशुद्ध पडला, पण थांबला नाही!"
लिंबाचं झाड पाहिलं. खिळा, बांगड्या. खाली पोरांची रांग, काशीने मान खाली घातली.
केबिनमध्ये पंखा, टोपीतला मोठा फोटो. मी पुडकं टेबलावर सोडलं. तो आधी हसला. "हे काय, ताई? झाडासाठी?"
"तुमच्यासाठी. मापाच्या आहेत. दोन-बारा."
हसू तसंच राहिलं, चेहरा खालून निघून गेला. चहा घेऊन पोरगा आला, दोन कप ठेवले. मी एक कप त्याच्यापुढे सरकवला. "घ्या ना, सर. गेटवर घेतला नव्हतात म्हणे."
पंख्याचा आवाज मला अजून ऐकू येतोय.
"कोणी सांगितलं?" मिळाला दुजोरा. मग उठून दार लावून आला. आवाजातला मध संपला होता. "कोणी सांगितलं, ताई? तिथलं कोणी सांगत नाही."
"मला सांगितलं नाही. मी ओळखलं. आत्ता तुम्ही सांगितलंत."
बसला. कपाकडे बघत, "मी तोंडाने कधी म्हटलं नाही की बिल्ला मिळाला. फलक पेंटरने केला, पुढे मी बदलला नाही." मग एकदम, "थोडंच उरलं होतं हो. पाय शाबूत, दम शाबूत. तो उस्ताद आला आणि इतकं गोड बोलला... मला कोणी अडवलंच नाही! कोणी एक थोबाडीत दिली असती, कोणी बांगड्या घातल्या असत्या ना ताई, तर मी त्या गाडीत बसलो नसतो. आईशप्पथ नसतो बसलो. म्हणून पोरांना मी... माझं झालं ते यांचं होऊ नये."
त्याला खरंच असं वाटतं. इतकी वर्षं त्याला वाटतंय की तो मोडला कारण कोणी लाज काढली नाही. आहेरदादांनी जे दार सांगितलं, ते यानेही पाहिलं होतं, त्यातून बाहेरही पडला, आणि कळलं नेमकं उलटं.
इथे दया यायला हवी होती. वाट पाहिली. आली नाही. म्हटलं, "सुजयला लाजेनेच वर नेलंत. मिळालं का जे हवं होतं?"
त्याने पुडक्यावर हात ठेवला.
"शुक्रवारी संध्याकाळी माझं पान छपाईला जातं. त्याच्या आत घरी या. सुजयसमोर बसा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा की तुम्ही गेला होतात आणि निघून आलात. मी नसेन. तो एकटा असेल."
"आणि नाही आलो तर?"
"तर रविवारी तुमच्या जाहिरातीच्या वर."
"आलो तर छापणार नाही?"
"असं मी म्हटलेलं नाही."
बघत राहिला. "ताई, हे तर..."
"हो," म्हटलं. बांगड्या टेबलावर ठेवून आले. चहा मीही घेतला नाही.
रिक्षात फार वर्षांनी एवढी भूक लागली. रविवार कारंज्यावर मिसळ खाल्ली, एकटीने, तर्री दोनदा मागून.

२० नोव्हें., गुरु.
अरुण घरी, रेस्ट. लेख वाचायला दिला. दोन्ही. मुख्य मजकूर एकच: काय लागतं, आहेरदादांच्या शब्दांत, उघड्या दाराचं सगळं. उजवीकडच्या चौकटीचे दोन मसुदे. 'अ' मध्ये डोंगर, पाणी, बांगड्या. अकॅडमीचं नाव आहे, सुजयचं नाही. 'ब' मध्ये तेच, अधिक गाडी.
अरुण सावकाश वाचतो, सिग्नलचं रजिस्टर वाचल्यासारखा. "अ तर छापायलाच हवा. तिथे अजून पोरं आहेत."
"तो जाणारच. प्रश्न ब चा."
"ब मध्ये तू त्यालाच बांगड्या भरतेयस."
"हो."
"बरं. मला फक्त खात्री करायची होती की तुला माहीत आहे." चष्मा ठेवला. "आणि तो म्हातारा? त्याने विश्वासाने सांगितलं ना?"
"त्याने नाव घेतलं नाही."
"म्हणूनच विचारतोय."
नवरा शांत असला की भांडताही येत नाही.
खरी भीती वेगळीच आहे आणि ती मी अरुणला सांगितली नाही. सुजयकडे तेवढंच उरलंय, की तो थांबला नाही. ज्याच्यासाठी थांबला नाही, तो स्वतः निघून आला होता, हे ऐकल्यावर त्याच्याकडे काय उरेल? की उलट, चांगली माणसंसुद्धा त्या गाडीत बसतात, बसून जगतात, हे कळून त्याचं ओझं उतरेल? गांगुर्ड्यावर सूड घ्यायला मी पोराचाच हात वापरतेय की काय?
संध्याकाळी काशी आला होता. सुजयने गच्चीतले बूट त्याला दिले. माप जमलं. "रविवारी डोंगराला घालीन," काशी म्हणाला. रविवारी. म्हणजे पेपर येईल त्याच सकाळी.
झाडावर बांगड्या आहेत का अजून, विचारलं.
"सरांनी काढल्या, मावशी. मंगळवारीच. खिळा हाय तसाच."
खिळा आहे तसाच.

२१ नोव्हें., शुक्र.
ऑफिसात. पान लागलंय, उजवी चौकट सोडून. तळाला जाहिरात, टोपीतलं हसू. दुपारी अरुण इगतपुरीला परत. सुजय घरी एकटा, ठरवल्याप्रमाणे.
चार वाजता काही नाही. पाचला काही नाही. मी 'ब' चौकटीत टाकला. छान बसला, एक ओळसुद्धा कापावी लागली नाही. सलीमभाई वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "बढिया लिखा है." त्याला बढिया वाटलं नव्हतं, आवाजावरून कळतं.
प्रिंटिंगवरून पहिला फोन. दुसरा.
आहेरदादांचा विचार येत होता. राग लवकर दमतो म्हणाले. इतके दिवस नाही दमला. आज खुर्चीत बसून बसून पाठ दुखतेय, एवढंच.

मोबाइल. सुजय. हळू आवाजात, "आई, कमांडो सर आलेत."
"एकटे?"
"एकटेच. आत या म्हटलं तर येत नाहीत. दारात उभे आहेत, हातात पेपरचं पुडकं आहे काहीतरी. तू बोलावलंस?"
"हो."
"का?"
"ते सांगतील."
मग, "आई, ते रडतायत बहुतेक. मी काय करू?"
मला वाटलं होतं, हे ऐकून छातीत काहीतरी थंड होईल. अजून होतंय का ते बघतेय.
"चहा ठेव," म्हटलं.
"ते नको म्हणतायत."
"विचारू नकोस. ठेव नुसता. आणि दार लावू नकोस, उघडंच राहू दे."
फोन ठेवला त्याने. की कापला गेला, माहीत नाही.

सलीमभाई माउसवर हात ठेवून, "मॅडम, छोड दूँ पेज? नीचे से चिल्ला रहे हैं."
अ आणि ब, दोन्ही फाइली उघड्या.
"थांबा."
"कितना?"
"एक चहा होईपर्यंत."
तो उठला, बाहेरच्या पोऱ्याला दोन कप सांगायला. त्याला वाटलं, इथला.
खालून तिसरा फोन वाजतोय. वाजू दे. गांगुर्ड्याने कप हातात घेतला की नाही, एवढं मला सुजयकडून कळायचंय. तोवर पान उघडं आहे.